चिंताविकार असलेल्या आपल्या माणसाला आधार देताना या चुका टाळा

चिंताविकाराच्या बाबतीत घरच्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका प्रेमापोटी होतात. समोरचा घाबरला की आपला जीव तुटतो आणि त्याची भीती त्या क्षणी थांबावी म्हणून आपण काहीही करायला तयार होतो. घोळ नेमका इथेच होतो. भीती ज्या उपायाने लगेच थांबते, त्याच उपायाची तिला सवय लागते आणि पुढच्या वेळी ती तोच उपाय पुन्हा मागते.

चूक: त्याच प्रश्नाचं पुन्हा पुन्हा उत्तर देणं

‘मला काही झालं नाही ना?’, ‘गॅस नक्की बंद केलास ना?’, ‘ते माझ्यावर रागावले नसतील ना?’ आपण ‘नाही गं, काही नाही’ म्हणतो. तिला हायसं वाटतं, पण अर्ध्या तासात तोच प्रश्न परत येतो. उत्तर चुकलेलं नसतं. ‘कुणीतरी खात्री दिली म्हणून मी वाचले’ एवढंच मेंदू शिकतो. अनिश्चितता सोसता येते, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही.

यावर उपाय आहे, पण तो एका रात्रीत करायचा नाही. आधी आठवडाभर प्रश्न किती वेळा येतो ते नुसतं मोजा, बोलू काहीच नका. मग दोघांचं मन शांत असताना विषय काढा. भीतीच्या भरात काढू नका. ‘माझ्या उत्तरांनी तुझा त्रास वाढतोय असं दिसतंय. यापुढे एका गोष्टीचं उत्तर मी एकदाच देईन,’ असं सांगा आणि तिची संमती घ्या. दिवसाला वीस वेळा प्रश्न येत असेल तर पहिल्या आठवड्यात पंधरा, नंतर दहा, अशी उतरण ठेवली तरी चालते. प्रश्न परत आला की म्हणायचं वाक्यही आधीच ठरवून ठेवा: ‘तुला आत्ता खूप भीती वाटतेय, ते दिसतंय. उत्तर मी सकाळी दिलंय. ही भीती तू सोसू शकशील, मी इथेच आहे.’

पहिले काही दिवस प्रश्न कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. रडारड होते, राग येतो. ‘उपाय लागू पडत नाही’ असं समजून बरेच जण इथेच सोडून देतात. पण नऊ वेळा ठाम राहून दहाव्यांदा उत्तर दिलं, तर दहा वेळा विचारलं की उत्तर मिळतं हेच पक्कं होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य वापरायला हवं. आई ठाम आणि आजोबा मवाळ असं झालं, की प्रश्न आजोबांकडे वळतात.

चूक: त्याच्या वाटची कामं आपण उरकणं

फोन आपण लावतो, गर्दीतली खरेदी आपण करतो, लग्नाला न जाण्याची सबबही आपणच शोधून देतो. हळूहळू सगळं घर भीतीच्या वेळापत्रकावर चालायला लागतं. घरच्यांचं हे जुळवून घेणं कमी केल्याने किती फरक पडतो, याचा येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या चिंताविकारात अभ्यास केला. २०२० साली तो छापून आला. एका गटात उपचारकाने मुलांना थेट उपचार न देता फक्त पालकांना मार्गदर्शन केलं. तरीही त्या मुलांना झालेला फायदा, स्वतः उपचार घेतलेल्या मुलांपेक्षा कमी नव्हता.

कराल काय? आपण काय काय करून देतो त्याची यादी लिहा आणि त्यातली एकच गोष्ट निवडा. ती बंद करणार असल्याचं आधी सांगा. शिक्षा म्हणून नव्हे, ‘तुला हे जमेल’ या भरवशाने. मग पायऱ्या पाडा. लिफ्टची भीती असेल तर: दारासमोर दोन मिनिटं उभं राहणं, दार उघडं ठेवून आत जाऊन येणं, तुमच्यासोबत एक मजला, एकट्याने एक मजला (तुम्ही वर थांबलेले), मग सगळे मजले. प्रत्येक पायरीला भीती शून्य ते दहापैकी किती, हे त्याने सांगायचं. भीतीचा आकडा तीन-चार असलेल्या पायरीपासून सुरुवात करा आणि आठवड्यातून चार-पाच वेळा तीच पायरी करा. महिन्यातून एकदा मोठी उडी मारण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी पडतं.

याच्या उलट टोकाची चूकही होते: ‘एकदा ढकललं की जाईल भीती’ म्हणून न सांगता गर्दीत नेऊन सोडणं. त्यातून विश्वास तुटतो आणि पुढची पायरी दुप्पट अवघड होते. पायरी कधी चढायची हे त्याने ठरवावं. चढायचीच आहे, याची आठवण तुम्ही ठेवावी.

चूक: पॅनिक अटॅकमध्ये ‘खोल श्वास घे’ म्हणणं

पॅनिक अटॅक म्हणजे अचानक उसळणारा तीव्र भीतीचा झटका. त्यात माणसाचा श्वास आधीच जोरात चाललेला असतो. आणखी खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड अजून घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि ‘आता मी मरणार’ ही खात्री वाढते. त्यापेक्षा ‘श्वास सावकाश सोड’ म्हणा: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. जमत नसेल तर आग्रह नको. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ते घातक ठरतं.

भोवती गर्दी करू नका. आवाज खाली ठेवून छोटी वाक्यं बोला. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो, हे घड्याळ दाखवून सांगता येतं. शक्य असेल तर तो ओसरेपर्यंत तिथेच थांबा. ऐन भरात तिथून पळ काढला की ती जागा कायमची धोक्याची ठरते. मात्र असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, शुद्ध हरपली असेल किंवा हृदयविकार आधीपासून असेल, तर ‘चिंताच असेल’ असं घरी ठरवू नका. लगेच रुग्णालय गाठा.

चूक: गोळ्यांचा निकाल घाईने लावणं

चिंताविकारात सहसा दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या) गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत बेचैनी थोडी वाढूही शकते. हे माहीत नसलं की घरचेच म्हणतात, ‘बंद कर त्या गोळ्या.’ अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेचे हाल होतात. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर बहुधा सहा महिने ते वर्षभर त्या चालू ठेवतात. झटपट शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन गोळ्यांचं वेगळं आहे. त्यांची सवय लागते आणि दारूसोबत त्या जिवावर बेतू शकतात. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी ‘एवढ्यापुरती’ म्हणून कधीच देऊ नका.

पंचविशीच्या आतल्या माणसाला एसएसआरआय सुरू केल्यावर पहिले काही आठवडे त्याच्या मनःस्थितीवर लक्ष ठेवा. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

डॉक्टरांकडे जाताना त्रास कधीपासून, किती वेळा, काय टाळलं जातंय आणि दिवसाला किती कप चहा-कॉफी, हे लिहून न्या. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरीही धडधड आणि बेचैनी होते, म्हणून ती तपासणी करायची का हेही विचारा.

सगळं बरं चाललेलं असताना आजारपण, परीक्षा, घर बदलणं अशा काळात जुनी भीती परत येते. तेव्हा पायऱ्यांची ती यादी काढा, शेवटची सहज जमलेली पायरी कोणती होती ते बघा आणि तिथूनच पुन्हा सुरू करा.