पॅलॅडियमच्या फायबर सेन्सरची चाचणी: आदल्या दिवशीची तयारी

हा सेन्सर म्हणजे पॅलॅडियम धातूचा थर दिलेला काचेचा प्रकाशतंतू (फायबर); तो हायड्रोजनची गळती ओळखतो. चाचणीसाठी गॅस आधी ठरवा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो आणि त्याला अगदी क्षीण ठिणगी पुरते. त्यामुळे शुद्ध सिलिंडर नको. नायट्रोजनमध्ये २ टक्के हायड्रोजन असं तयार मिश्रण प्रमाणपत्रासकट मागवा, म्हणजे पुढे ते हवेत कितीही मिसळलं तरी प्रमाण २ टक्क्यांवर जात नाही. रेग्युलेटर त्या व्हॉल्व्हला बसतो का तेही पाहा. ज्वलनशील वायूंचे आटे उलटे असतात. सिलिंडर साखळीने बांधा, जोडांना साबणाचं पाणी लावा, चाचणीच्या चेंबरमधून बाहेर पडणारा वायू फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) सोडा. नळ्या स्टीलच्या किंवा टेफ्लॉनच्याच घ्या, कारण रबरातलं गंधक पॅलॅडियमचा पृष्ठभाग निकामी करू शकतं.

आता थर. पॅलॅडियम हायड्रोजन शोषून फुगतं, हे फुगणं खालच्या ब्रॅग ग्रेटिंगला (फायबरमध्ये कोरलेल्या, ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठवणाऱ्या रचनेला) ताणतं आणि परावर्तित प्रकाशाची तरंगलांबी सरकते. मोजायच्या जागी वीज नाही, म्हणून ठिणगीही नाही. मला हे तंत्र मोलाचं वाटतं ते यासाठीच. पण शुद्ध पॅलॅडियम खोलीच्या तापमानाला एक-दोन टक्के हायड्रोजनच्या आसपास अवस्था बदलतं. मग चढतानाचं आणि उतरतानाचं वाचन जुळत नाही, वारंवार असं झालं की थर सुटायलाही लागतो. पंचवीस-तीस टक्के सोनं मिसळलेला थर मिळत असेल तर तोच घ्या.

तापमानाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. १५५० नॅनोमीटरजवळ ग्रेटिंगची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे १० पिकोमीटर सरकते, आणि हायड्रोजनचा संकेतही बहुधा त्याच पल्ल्यातला असतो. म्हणजे एसी बंद पडून खोली तापली तरी गळतीचा भास होईल! शेजारी पॅलॅडियम नसलेलं दुसरं ग्रेटिंग लावा, दोन्हींतला फरकच नोंदवा.

कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हिरवा (तिरक्या टोकाचा) निळ्याला (सरळ टोकाच्या) जोडू नका, आणि लेसर चालू असताना फायबरच्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

कोरड्या हवेचा सिलिंडरही हाताशी असू द्या. ऑक्सिजन असला की पॅलॅडियमवर हायड्रोजनचं पाणी होतं, आणि संकेत नायट्रोजनमधल्यापेक्षा कमी येतो. गळती हवेतच होणार, तेव्हा अंशांकनाचा (माहीत असलेल्या प्रमाणाशी वाचन जुळवण्याचा) शेवटचा फेरा हवेतच घ्या, चढत्या आणि उतरत्या दोन्ही क्रमांनी.