पार्क्स ऑन द एअरसाठी उद्यानाची हद्द नकाशावर कशी काढावी

पार्क्स ऑन द एअर म्हणजे उद्यानात बसून हॅम रेडिओवर संपर्क साधण्याचा उपक्रम. त्यात ऑपरेटर, रेडिओ आणि अँटेना हे सगळं उद्यानाच्या हद्दीतच असावं लागतं. उपक्रमाच्या नकाशावर मात्र उद्यानाचा फक्त एक बिंदू असतो. हद्द ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावरून काढावी.

ओव्हरपास टर्बो (ओपनस्ट्रीटमॅपमधली माहिती शोधायची वेबसाइट) उघडून उद्यान पूर्ण दिसेल एवढा नकाशा ठेवा. विझार्डमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत ‘बाउंडरी=नॅशनल_पार्क’ (boundary=national_park) टाका. काही आलं नाही, तर ‘बाउंडरी=प्रोटेक्टेड_एरिया’ (boundary=protected_area) किंवा ‘लेझर=नेचर_रिझर्व्ह’ (leisure=nature_reserve). सापडलेली हद्द जीपीएक्स फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ऑसमअँड या मोबाइलवरच्या नकाशा अ‍ॅपमध्ये घ्या आणि तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. जंगलात नेटवर्कचा भरवसा नसतो.

आता ओव्हरपास टर्बोमध्ये रेषा नीट तपासा. आकार भरलेला न दिसता नुसत्या सुट्या रेषा दिसल्या, तर रिलेशनमधला (हद्दीचे तुकडे जोडणाऱ्या नोंदीतला) एखादा वे, म्हणजे रेषेचा तुकडा, तुटलाय. आत ‘इनर’ म्हणून नोंदलेलं कडं, म्हणजे आतली बंद रेषा, असेल तर तो तुकडा हद्दीबाहेरचा समजायचा. जंगलातली गावं बरेचदा अशीच वगळलेली असतात. रेषा कुणा स्वयंसेवकाने काढलेली असते, त्यामुळे वनखात्याच्या नकाशाशी ताडून पाहणं अत्यावश्यक.

दाट झाडीत जीपीएस सहज दहा मीटर चुकतो. रेषेपासून निदान पन्नास मीटर आत बसा आणि वायर अँटेनाचं दूरचं टोकही मोजा, तेच नेमकं कुंपणाबाहेर जातं.