सायकायट्रीत येताय? मग गोळीबद्दल बोलायला शिका

मेडिकलच्या पीजी प्रवेशफेऱ्यांचे निकाल लागले की ठरलेले फोन सुरू होतात. ‘मॅडम, सायकायट्री मिळून राहिली, घेऊ का?’ आणि मग जरा चाचरत, ‘पण आयुष्यभर गोळ्याच लिहाव्या लागतील ना?’ एम.ए. सायकॉलॉजीची मुलं नेमकी उलट. त्यांना गोळ्यांशी संबंधच नको असतो. शांत खोली, दोन खुर्च्या आणि तासभर बोलणं, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. मी नागपुरातच शिकले, इथेच प्रॅक्टिस करते, आणि दोघांनाही एकच सांगते. या कामातला बराच वेळ गोळीबद्दल बोलण्यात जातो आणि ते बोलणं हा उपचारच आहे. ते ज्याला जमत नाही, त्याच्या हातून धड औषधही होत नाही आणि धड थेरपीही.

आधी रस्ते, थोडक्यात. एमबीबीएसनंतर एम.डी. तीन वर्षांचं. सायकॉलॉजीवाल्यांना औषध लिहिता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या एम.ए.वर किंवा चार महिन्यांच्या काउन्सेलिंग कोर्सवर तशी पाटी लावू नका. अभ्यासक्रमांची नावं आणि नियम सध्या बदलताहेत, तेव्हा फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः बघा.

शिकायला नागपूर चांगलं आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी कॉलेजं आहेत, मिहानमधलं एम्स आहे, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीच्या जोडीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं. पेशंट गडचिरोली-चंद्रपूरहून येतात, तसेच बालाघाट-छिंदवाड्याहूनही. त्यामुळे वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी सगळं कानावर पडतं. पुस्तकातली लक्षणं इथे ‘डोकं भणभण करते’, ‘जीव लागत नाही’, ‘छातीत धडधड होऊन राह्यली’ अशी येतात. पहिले सहा महिने फक्त ती ऐकायची.

आता मुख्य गोष्ट. नैराश्यात आपण बहुतेक वेळा एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली गोळी सुरू करतो: एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्झेटीन. मळमळ, पोट बिघडणं, बेचैनी हे पहिल्या काही दिवसांतच सुरू होतं. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा-आठही. म्हणजे चौथ्या दिवशी पेशंटच्या पदरात नुसता त्रास असतो. कित्येकांची गोळी इथेच सुटते. मग सहा महिन्यांनी तोच माणूस येऊन सांगतो, ‘गोळ्या खाऊन पाह्यल्या, काही फरक नाही पडला.’

हे दिवस कसे पार पाडायचे ते एका उदाहरणावरून सांगते. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार, पन्नाशीतले. ‘मले काही झालं नाही जी, झोप तेवढी येत नाही.’ चिठ्ठी हातात दिली तर तिची घडी करत म्हणाले, ‘याची सवय लागते म्हणते लोकं.’ नवा रेसिडेंट इथे लगेच ‘नाही नाही, तसं काही नसतं’ म्हणून मोकळा होतो. तसं न करता विचारायचं, कोण म्हणतं? तेव्हा कळलं, मोठे भाऊ वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेत होते आणि ती सुटता सुटली नाही. म्हणजे भीती हवेतली नव्हती. त्या गोळीची सवय लागतेच. ही गोळी वेगळ्या जातीची आहे, हिची तशी ओढ लागत नाही, पण एकदम तोडली तर काही दिवस चक्कर-बेचैनी होऊ शकते. हे सगळं खरं खरं सांगायचं. मग केसपेपरच्या मागे तारखा टाकून दिल्या: या आठवड्यात पोट बिघडेल, गोळी जेवणानंतर घ्या, पुढच्या आठवड्यात ते कमी होईल, त्यानंतर फरक बहुधा तुमच्या आधी घरच्यांना दिसेल.

सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्यांना विचारलं, तुम्हाला कशावरून कळेल? ‘बगीच्यात गेले म्हणजे समजलंच जी.’ झालं, ध्येय ठरलं. रोज सकाळी धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, जाऊन यायचं, कामाला हात लावायचा नाही, मन लागो न लागो. मन लागेपर्यंत वाट न बघता आधी पाय उचलायला लावणं ही बिहेविअरल ॲक्टिव्हेशन नावाची रीतसर थेरपी आहे. गर्दीच्या ओपीडीतही ती बसते. ज्याला आंघोळ उरकणं जड जातंय, त्याला पहिल्याच दिवशी विचारांचा तक्ता (मनात कधी कोणता विचार आला ते लिहायचा कागद) भरायला देऊ नका. ते गोळीचा जरा असर झाल्यावर.

याच आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट शब्दांत विचारायचं, आणि पेशंट पंचविशीच्या आतला असेल तर दर भेटीला. विचारल्याने ते डोक्यात शिरतात हा नुसता समज आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर केसपेपरवर लिहून द्या, तो चोवीस तास चालतो. नातेवाईक अजूनही ‘पोलीस केस होईल का’ असं कुजबुजतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचून ठेवलात तर त्यांना नीट उत्तर देता येईल. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच तो कायदा धरून चालतो.

औषध आणि थेरपी दोन्ही एकत्र दिल्याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या नैराश्यग्रस्त मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी फ्लुऑक्झेटीन आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांत सुधारणा होती, नुसत्या औषधाने ६१ टक्के, नुसत्या सीबीटीने ४३ आणि खोट्या गोळीने ३५. पण हा आकडा सगळ्या आजारांना लावू नका. सौम्य नैराश्याला बोलणं पुरू शकतं. मॅनिया (मूड बेफाम चढणं) किंवा स्किझोफ्रेनिया भरात असताना आधी औषध, बोलणं मुख्यतः घरच्यांशी.

आणि काही वेळा गोळी थेरपीच्या आड येते, हे मात्र क्वचितच कुणी शिकवतं. गर्दीत जीव घाबरा होणाऱ्या मुलीला भीती मोडायला आपण मेट्रोच्या प्रवासाचे टप्पे ठरवून देतो: आधी जयप्रकाश नगर ते छत्रपती चौक, एकच स्टेशन, मग अजनी चौकापर्यंत, शेवटी संध्याकाळच्या गर्दीत सीताबर्डी. ती सीताबर्डीला उतरते, सगळे खूश. आणि पर्समध्ये असते भीती तात्पुरती शमवणारी क्लोनाझेपामची अर्धी गोळी. घेतली नसली तरी मनाने श्रेय त्या गोळीलाच दिलेलं असतं. ही गोळी कधी मागे घ्यायची हे डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट दोघांनी मिळून ठरवलं नाही, तर महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

म्हणून एकमेकांना लिहा. ‘फॉर काउन्सेलिंग’ एवढंच खरडून पाठवणं म्हणजे रेफरल नव्हे. सायकॉलॉजिस्टने गोळी वाढव-कमी कर असं चुकूनही सांगू नये, पण ‘या आठवड्यात किती वेळा राहिली?’ हे जरूर विचारावं. पेशंट जे डॉक्टरपासून लपवतात ते सायकॉलॉजिस्टला सांगतात. वजन वाढलं, लैंगिक इच्छा गेली, या तक्रारी ओपीडीत सासूसमोर कोण काढेल?

लिथियमसाठी, म्हणजे बायपोलर आजारात मूडचे चढउतार आवरणाऱ्या औषधासाठी, तर नागपुरात वेगळाच अभ्यास लागतो. रक्तातली पातळी साधारण लिटरमागे ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंटच्या दरम्यान ठेवायची असते, दीडच्या वर विषबाधेची धास्ती; म्हणजे मोकळीक फार थोडी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. घाम जातो, पाणी कमी पडतं, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि मिठाबरोबर लिथियमही. त्यात निर्जळी उपवास, जुलाब, किंवा दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी, की पातळी आणखी चढते. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली की उन्हाचा त्रास म्हणून घरी बसायचं नाही. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. एरवीची पातळी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घेतात, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर. हे सगळं मार्चमध्येच पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून घ्या.

पण लिथियम सुटतं ते फक्त उन्हाळ्याने नाही. चढत्या मूडचे दिवस किती छान होते, तेव्हा रात्रभर जागून किती काम व्हायचं, याची हुरहुर पेशंटला असते. ती ऐकून घ्यावी लागते, रागवून भागत नाही.

‘कधी बंद होईल?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर बरं वाटायला लागल्यापुढे सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, मग हळूहळू कमी. झटके वारंवार आले असतील तर मुदत वाढते. गोळी कमी करताना बोलण्याच्या भेटी वाढवा. परीक्षा, लग्न, कापसाचा हंगाम अशा धामधुमीत हे काम काढू नका. आणि सुरुवात करण्याआधी केसपेपरवर ठळक लिहून ठेवा: आजार परततोय याची या माणसाची पहिली खूण कोणती, ती घरात आधी कुणाच्या लक्षात येते, आणि ओपीडीच्या वाराची वाट न बघता त्या व्यक्तीने फोन कुणाला करायचा.