जुनी पिकअप घेताना: चेसिसपासून पासिंगपर्यंत

जुन्या पिकअपचा भाव मॉडेल आणि मीटर बघून सांगतात. मीटर मागे घेणं अवघड नसतं, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. बोलेरो पिकअप असो की टाटा २०७, दहा-बारा वर्षांची गाडी अजून किती राबेल हे तिने कसला माल आणि किती ओझं वाहिलं यावर ठरतं. ते गाडीखाली शिरल्यावर कळतं.

१. आधी चेसिस

टॉर्च आणि छोटी हातोडी घ्या. हौदा (मागचा माल भरायचा भाग) चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, टेकतो ती जागा आणि मागच्या पाट्यांचे (ओझं झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर नीट बघा. गंज, चीर आणि वेल्डिंगचा सांधा बहुधा तिथेच सापडतो. हातोडीने ठोकत जा. शाबूत पत्रा खणकतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. बाकी गाडी मळलेली आणि चेसिसला तेवढा ताजा काळा रंग असेल, तर रंगाखाली काय आहे ते खरवडून बघा. मासळी वाहिलेल्या गाडीला बर्फाचं खारट पाणी लागलेलं असतं. तिचा हौद्याखालचा भाग दुप्पट वेळ घेऊन तपासा. चेसिस नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा. तो गंजून पुसट झाला असेल तर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, अडकाल.

पाट्यांमध्ये एखादा जादा पाटा घातलेला दिसला, तर गाडी ओव्हरलोड चालली असं धरा.

२. इंजिन थंड असताना

‘मी आल्याशिवाय चालू करू नका’ असं मालकाला आधीच सांगा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ असेल किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर पाणी आणि ऑइल मिसळतंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलेलं असतं. मग इंजिन चालू करा आणि ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. ते थोडं थरथरेल. पण उडून पडलं आणि आतून फकाफका धूर आला, तर रिंगा-लायनर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं अस्तर) झिजलेत. इंजिन उतरवायचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर गाडी सोडा. गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर नोझल, पंप किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो. तो दुरुस्त होतो.

३. चालवून

हँडब्रेक लावा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच प्लेट संपली. पुढे-मागे घेताना खालून ‘खट्’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, बघा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर निसटत असेल, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

४. कागद

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. त्याची मुदत, विमा, टॅक्स आणि थकलेली ई-चलनं पैसे देण्याआधी तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथल्या एनओसीचा फॉर्म २८ पण. नुसत्या सह्यांचे कोरे फॉर्म घेऊन गाडी चालवत राहू नका. अपघात झाला तर कागदावरचा मालक आणि तुम्ही दोघंही अडकता.

५. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात

आधीचा मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल बदला. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते काढून कूलंट भरा. पाण्याने ब्लॉक आतून गंजतो. पुढचे व्हील बेअरिंग उघडून ग्रीस भरा. टायरच्या बाजूवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा पडलेला टायर मालाखाली फुटतो.

पाट्यांचं काम केलं असेल, तर पहिल्या दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर पाटे एक्सलला धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ढिल्या यू-बोल्टमुळे पाट्यांच्या मधोमधचा सेंटर बोल्ट तुटतो आणि मागचा एक्सल जागेवरून सरकतो.