काळ्या वावरात पाणी किती मुरते, ते कसे मोजावे

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-कळमेश्वरकडच्या संत्रा बागेत शोषखड्डा खणायच्या आधी ही मोजणी करावी, आणि ती मे महिन्यात करू नये. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी त्यांतून सरळ खाली उतरते आणि जमीन चांगली मुरवते असा भास होतो. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की ही चिकणमाती फुगते, भेगा बुजतात. आकडा तेव्हाचाच धरावा.

३० सेंटिमीटर व्यासाचे, तेवढ्याच उंचीचे बिनबुडाचे लोखंडी कडे पुरते. वर जाड फळी ठेवून, सगळीकडून सारखे ठोकत ते १० सेंटिमीटर आत घाला. एकाच बाजूने ठोकले तर कड्यालगत फट पडते आणि पाणी तिथूनच पळते. बाहेर ६० सेंटिमीटरचे दुसरे कडे घालून तेही त्याच पातळीपर्यंत भरा. नाहीतर आतले पाणी आडवे पसरते आणि आकडा उगाच फुगतो.

पाणी थेट मातीवर ओतू नका. आत पोत्याचा तुकडा टाकून त्यावर ओता, मग तुकडा काढून घ्या. माती ढवळली की गाळ बसून छिद्रे बुजतात. १० सेंटिमीटर पाणी भरा, पट्टी उभी लावा, दर अर्ध्या तासाने पाणी किती उतरले ते लिहा. पातळी निम्म्यावर आली की पुन्हा भरा. लागोपाठ तीन नोंदी सारख्या येईपर्यंत थांबायचे. भारी जमिनीत यात अर्धा दिवस सहज जातो.

समजा तासाला ५ मिलिमीटर आले. तासात ४० मिलिमीटर पाऊस पडला तर ३५ मिलिमीटर वाहून जाणार, म्हणजे एकरी सुमारे १ लाख ४० हजार लिटर! काळ्या थरातच संपणारा खड्डा या पाण्याचे नुसते डबके करतो. चुनखडीचे खडे लागले तरी थांबू नका, मुरूम लागेपर्यंत खणा. कुजलेल्या बेसाल्टचा हा थर पाणी खालच्या सांध्यांत उतरवतो. गढूळ पाणी मात्र आधी गवताच्या पट्ट्यातून गाळून घ्या, नाहीतर मुरूमही गाळाने बंद होतो. नागपूरच्या पूर्वेला बऱ्याच ठिकाणी बेसाल्टऐवजी नाईस हा पट्टेदार कठीण खडक लागतो. तिथेही पाणी कुजलेल्या थरात आणि फटींतच साठते.

पाणी तुंबलेल्या बागेत झाड माना टाकते, कारण मुळांना हवा मिळत नाही. त्याला तहान समजून पुन्हा पाणी देणे ही नेहमीची चूक. बुंध्याभोवती मातीच्या दोन गोल बांगड्या करा, आतली कोरडी ठेवून बाहेरच्या बांगडीतच पाणी सोडा. बुंधा ओला राहिला की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, धरतो. पाणी देण्याआधी ३० सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहा. चिकट, लवचिक गोळा झाला तर पाळी पुढे ढकला.