पडल्यावर इलेक्ट्रिक माउंटन बाईक कशी तपासावी

पडल्यावर सायकल उचलायची, हँडल सरळ करायचं, बटण दाबायचं आणि डिस्प्ले लागला की निघायचं, ही सवय इलेक्ट्रिक माउंटन बाईकवर सोडायला हवी. मोटर सुरू झाली यावरून फार तर वायरिंग जोडलेलं आहे एवढं कळतं. बॅटरीच्या आत चेपलेला सेल, वेल्डजवळची बारीक चीर, वाकलेला हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमवरचा छोटा तुकडा) हे सगळं असूनही सायकल चालते आणि पुढच्या उतारावर, किंवा रात्री चार्जिंगला लावल्यावर, दगा देते.

आधी स्वतःकडे बघा. डोकं आपटलंय, गरगरतंय, मळमळतंय किंवा आपण पडलो कसे हेच आठवत नाही, तर सायकल चालवू नका. हेल्मेटला मार बसला असेल तर बाहेरून धड दिसलं तरी ते बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तेवढा धक्का झेलत नाही.

मग सिस्टम बंद करा. स्क्रीनवर एरर कोड असेल तर बंद करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो.

बॅटरी सगळ्यात आधी

बॅटरी काढता येत असेल तर बाहेर काढा. ती नेहमीइतकी सहज निघायला हवी. अडकली तर कव्हर फुगलंय, बॅटरी सरकते ती रेल वाकलीय किंवा डाउन ट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी फ्रेमची नळी) चेपलीय असं समजा, आणि स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. निघाली तर उजेडात फिरवून बघा: तडा, पोचा, फुगवटा, कनेक्टरच्या वाकलेल्या पिना. कव्हरच्या सांध्यावरून नख फिरवा. सगळीकडे सारखी असलेली फट एकाच जागी रुंद लागली, तर तिथे मार आत पोचला असण्याची शक्यता आहे. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास किंवा बंद असूनही जाणवणारी ऊब, यांपैकी काहीही आढळलं तर ती बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

याचं कारण सेलच्या आत आहे. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, एक सेल तापतो आणि शेजारच्यांना पेटवतो. हे लगेच होईलच असं नाही, काही तासांनी किंवा काही दिवसांनीही होऊ शकतं. चार्जिंग करताना धोका वाढतो.

म्हणून शंका आली तर चार्ज करू नका आणि घरात आणू नका. उघड्यावर, काँक्रीटवर किंवा मोकळ्या मातीवर, भिंत, वाहन आणि वाळलेल्या गवतापासून लांब ठेवा. ऊन-पाऊस लागू देऊ नका. बंद गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. धूर निघाला किंवा फुसफुस आवाज आला तर हात न लावता, वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब जा आणि अग्निशमन दलाला बोलवा. तो धूर विषारी असतो.

घरच्या मल्टिमीटरवर विसंबू नका. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना ४२ व्होल्ट दाखवते खरी, पण अनेक बॅटऱ्या सायकलला जोडल्याशिवाय टर्मिनलवर व्होल्टेज देतच नाहीत. आकडा बरोबर आला तरी सेलना मार लागलेला नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तिथे अधिकृत सर्व्हिस सेंटरच हवं.

मोटर आणि वायरी

मोटरच्या खालचं संरक्षक कव्हर काढा. दगडावर आपटल्याचे वळ तिथे दिसतात, पण चीर बहुधा बोल्टच्या कानांपाशी (केसिंगचे बोल्ट बसतात ते कडेचे भाग) सापडते. मागचं चाक उचलून क्रँक (पेडलचा दांडा) हळू पुढे फिरवा आणि चेनरिंगवर (क्रँकजवळच्या दातेरी चकतीवर) नजर ठेवा. ती डावी-उजवीकडे डोलत असेल तर चेनरिंग वाकलीय किंवा मोटरचा ॲक्सल. पेडल दगडाला लागून पडला असाल तर ही तपासणी चुकवू नका, कारण तो धक्का सरळ ॲक्सलवर जातो. चिरलेल्या केसिंगमधून पाणी आत जातं, त्यामुळे सायकल चालत असली तरी धुऊ नका.

पडताना हँडल गर्रकन फिरलं असेल तर हेडसेटमधून (हँडलखालच्या बेअरिंगच्या जोडातून) आत जाणाऱ्या वायरी आणि ब्रेकचे होज ताणले जातात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. डिस्प्ले चमकून जात असेल तर कुठलातरी कनेक्टर सैल झालाय. वेग शून्य दाखवून मोटर मदत सोडत असेल, तर स्पोकवरचा मॅग्नेट सरकलाय का ते आधी बघा. तो सेन्सरसमोर आणला की बहुतेक वेळा काम होतं.

फ्रेम, फोर्क, हँडल

फ्रेम पुसून कोरडी करा, टॉर्च तिरका धरा. हेड ट्यूबमागचे (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीमागचे) वेल्ड, बॅटरीच्या खाचेचे कोपरे, मोटरचे माउंट आणि लिंकेजचे पिव्हट (मागच्या सस्पेन्शनचे हलणारे सांधे) या चार जागी वेळ द्या. कापसाचा बोळा फिरवला की चिरेत तंतू अडकतात. रंगाला सुरकुती पडली असेल तर त्या रंगाखालची नळी वाकलीय. टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) ब्रेक लीव्हर आदळतो त्या जागी हमखास पोचा सापडतो, तिथे बोट फिरवा. ॲल्युमिनियमची वाकलेली फ्रेम सरळ करून वापरू नये. कार्बनवर नाण्याने टकटक करत जा. टणक आवाज एकाएकी बद्द झाला तर आतले थर सुटलेले असू शकतात.

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. एखाद्या कोनात जड लागलं तर हेडसेटची बेअरिंग दबलीय किंवा फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) स्टिअरर, म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी, वाकलाय. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नख अडकेल असा ओरखडा असेल तर सील फाटतं आणि तेल गळतं. स्टेम (हँडलबार धरणारा जोड) सैल करून हँडलबारवरची क्लॅम्पची जागा बघा, कार्बन बारवर खोल खूण असेल तर तो फेकूनच द्या. बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या) आवळा, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतका, साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर.

चाकं फिरवून रिम आणि डिस्क डोलते का ते बघा, सैल स्पोक बोटाने छेडून ओळखा. ब्रेक लीव्हर ३० सेकंद दाबून ठेवा. तो हळूहळू हँडलकडे सरकत गेला तर कुठेतरी गळती आहे किंवा आत हवा शिरलीय.

हँगरकडे मागून बघा. डिरेलरच्या दोन्ही पुली गिअरच्या दात्यांशी एका रेषेत हव्यात. हँगर आत वाकला असेल तर सगळ्यात मोठ्या गिअरमध्ये डिरेलर स्पोकमध्ये शिरतो. साध्या सायकलवर पाय अडखळला की आपण थांबतो, पण मोटर ८५ न्यूटन मीटर किंवा त्याहूनही जास्त जोर लावू शकते आणि क्षणात डिरेलर, चेन, स्पोक सगळंच तोडते. तपासणी होईपर्यंत तो गिअर लावू नका.

सगळं ठीक वाटलं आणि बॅटरीबद्दल शंका नसेल, तरच सपाट जागी आधी मोटर बंद ठेवून चालवा, ब्रेक दाबून बघा, मग सर्वांत कमी मदतीवर १० मिनिटं. कुरकुर किंवा टकटक ऐकू आली तर थांबा. परतल्यावर स्टेम, मोटर माउंट आणि लिंकेजचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.