रहस्यकथा ऐकताय? मग नावं लिहून ठेवा

सोलापूरहून पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ऑडिओबुक म्हणजे मस्त सोय आहे, पण रहस्यकथा असेल तर एवढं कराच, सुरुवातीच्या तासाभरात जी पात्रं येतील त्यांची नावं आणि कोण कधी कुठं होतं ते मोबाईलच्या नोट्समध्ये टाकून ठेवा. छापील पुस्तकात शंका आली की चार पानं मागं जाता येतं, ऐकताना ते वाक्य नेमकं कुठं होतं तेच सापडत नाही, आणि खरा पुरावा बहुतेक वेळा अशाच साध्या वाटणाऱ्या वाक्यात दडवलेला असतो. म्हणून काही खटकलं की लगेच बुकमार्क मारा. स्पीड वाढवू नका, निदान अशा पुस्तकाला तरी नकोच! रात्री अंथरुणात ऐकत असाल तर स्लीप टायमर १५ मिनिटांवर ठेवा, नाहीतर सकाळी गोष्ट कुठल्या कुठं गेलेली असते. वाचणारा कसलेला असेल तर बोलणाऱ्या पात्राची चलबिचल आवाजातच कळते, ही मजा खरंच वेगळी. पण ज्या कथेत घराचा नकाशा, गाड्यांच्या वेळा, पत्रं असं काही आहे ती मात्र कागदावरच वाचा, सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात एकदा विचारून बघा की.